सावेबाई पाड्यावर जायच्या का थांबल्या

सावेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होतो. फोन मिलिंदचा, त्यांच्या भाच्याचा. "सुहासदादा, मावशी सकाळी गेली. चहा मागितला, आणि तो येईपर्यंत..." पुढे त्याला बोलवेना. मी येतो म्हणालो, शेंगांचे पैसे दिले, रिक्षाच्या दिशेने चालू लागलो. आणि तेवढ्या चालण्यात मला हायसं वाटलं. आज हे लिहून टाकतो, कारण हे लपवलं तर खालचं सगळं खोटं ठरेल. ज्या बाईंनी मला दगड वाचायला शिकवलं, ज्यांच्यामुळे पोटाला मिळतं, त्या गेल्याचं कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता ती गोष्ट ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही. मग रिक्षात बसल्यावर या विचाराचीच भीती वाटायला लागली. नरपडला, बाईंच्या घरी पोहोचेपर्यंत ती गेली नाही.

डॉ. नलिनी सावे यांना कुणी डॉक्टर म्हणत नसे. त्या सगळ्यांच्या बाईच. कॉलेजात भूशास्त्र शिकवायच्या, पण वर्गात कमी आणि बाहेर जास्त. ओहोटीची वेळ बघून आम्हाला वाढवणच्या किनाऱ्यावर न्यायच्या, त्या काळ्या खडकांच्या पसरट पायरीवर उभं करायच्या आणि गप्प बसायच्या. आम्ही पुस्तकातली नावं फेकायचो. बाई विचारायच्या, "हे तुला दिसतंय की आठवतंय?" मी त्यांच्याकडे शिकायला गेलो तो बारावीला थोडक्यात मेडिकल हुकलेला, वाडवळ घरातला, घुमा मुलगा. मला बोलायला आवडत नसे. बाईंना ते चालायचं. त्यांच्या मते आमच्या पाणी शोधायच्या धंद्यात बोलघेवडे लोक फार आणि पाणी कमी.

आमचं भूशास्त्र मंडळ त्यांनीच काढलं, आणि ते निघालं एका कोरड्या बोअरमधून. बाई नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. तलासरीकडच्या एका शाळेसाठी बोअरची जागा त्यांनी दाखवली. आपल्या या भागात जमिनीखाली काळ्या खडकाच्या उभ्या भिंती आहेत, मैलोन्‌मैल गेलेल्या. आम्ही त्यांना डाइक म्हणतो. भिंतीच्या एका अंगाला पाणी अडतं, दुसऱ्या अंगाला खडखडाट. बाईंनी अंग चुकवलं. लाजेने कुणाला सांगितलं नाही. पुढे कुणाच्या तरी लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांना कळलं, की त्यांच्या आधी उंबरगावच्या धनसुखभाईंनी त्याच शाळेला जागा दाखवली होती, त्याच अंगाला, आणि तीही कोरडी गेली होती. धनसुखभाईंनीही कुणाला सांगितलं नव्हतं. "दोन शहाण्यांनी एकाच ठिकाणी दोन भोकं पाडली, आणि पोरं डोक्यावर हंडे घेऊन आमची अक्कल ओलांडून जात राहिली," असं बाई सांगायच्या. त्या पंगतीत शेजारी बसलेल्या दोन माणसांचं मिळून हे मंडळ. नंतर भूजल खात्यातले आले, खाणीच्या कामातले आले, भूगोलाचे शिक्षक आले. स्टेशनजवळ चिकूच्या वखारीवरची खोली मिळाली. खालून पिकत्या चिकूचा वास येतो आणि उन्हाळ्यात तो डोक्यात बसतो.

नोंदणीच्या कागदावर मंडळाची उद्दिष्टं कुठल्याही मंडळाची असतात तशीच आहेत... शास्त्राचा प्रसार, सभासदांचा उत्कर्ष वगैरे. खरा नियम बाईंनी कागदावर येऊ दिला नाही. प्रत्येक बैठकीच्या आरंभी ज्याचं चुकलं असेल त्याने उभं राहायचं आणि सांगायचं. कुणी प्रश्न विचारायचा नाही, कुणी टिपून घ्यायचं नाही, सांत्वनही करायचं नाही. बाई विचारायच्या, "अजून कोणी?" थोडा वेळ थांबायच्या. मग चहा. आणि त्यालाही एक अट होती, जी नवा माणूस आला की धनसुखभाई आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत समजावायचे. "पहिला ज्याचा पाणी गेला त्याच्या घरी जाऊन बोलायचा. पछी इथे. इथे पहिला बोलला तर तो फक्त आपला पेट साफ झाला." म्हणजे शेतकऱ्याला आधी तोंड दाखवायचं, मग मंडळाला. मी कितीदा तरी उभा राहिलो आहे. मातीच्या थराची जाडी चुकली, विहिरीचा झरा चुकला. शेतकऱ्यांच्या शिव्या खाऊन, मग वर येऊन चहा प्यायलो आहे. आमच्यात एकाच जागी दुसरं कोरडं भोक पडणं बंद झालं ते यामुळे. भूशास्त्र मंडळ कशाला हवं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही.

मग जमीन हलायला लागली.

डहाणू-तलासरीच्या लोकांना ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आधी आवाज येतो. जमिनीच्या पोटात कुणी जड पिंप लोटल्यासारखा. मग खालून एक धक्का, भांडी वाजतात, कुत्री ओरडतात, आणि संपतं. संपल्यावरच खरं सुरू होतं, कारण मग माणूस पुढच्याची वाट बघत बसतो. दिवस जातात, आठवडे जातात, वाटतं गेलं सगळं, आणि भाकरी थापताना पुन्हा ते पिंप लोटलं जातं. शिक्षणाने भीती कमी होते असं लोक समजतात. माझी वाढली. धक्के उथळ आहेत म्हणजे काय, हे मला कळत होतं. पुढचा केवढा असेल हे जगात कुणालाच सांगता येत नाही, हेही मला कळत होतं, आणि हे दुसरं घेऊन मला झोप येत नव्हती. मंडळातर्फे आम्ही पाड्यापाड्यांवर सभा घ्यायला लागलो. निघण्यापूर्वी बाई बजावायच्या, "छोटे धक्के बसले की मोठा टळतो, हे वाक्य कुणीही बोलायचं नाही. ऐकायला गोड आहे आणि आपल्याला ते ठाऊक नाही." ठाऊक काय आहे, तर कुठल्या भिंतीखाली झोपू नये. बाई घरोघर जाऊन भिंती हाताने थापटून सांगायच्या. कारवीच्या कुडाचं घर हललं तर माती अंगावर येते, माणूस झटकून उठतो. गिलावा न केलेली विटांची खोली कोसळली तर उठायला मिळत नाही. पुढे नवी विटांची खोली आणि मागे जुना कूड असेल, तर म्हातारी आणि पोरं कुडात. एवढंच सांगायचं होतं. पाच मिनिटांचं काम.

आता माझं. आम्ही स्टेशनाजवळ एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. धक्के सुरू झाल्यावर मी तिथे झोपणं बंद केलं. इमारतीमागे चिकूच्या वाडीला लागून मोकळी जागा आहे, तिथे गाडी लावायचो आणि मागच्या सीटवर पाय दुमडून पडायचो. बायको, वैशाली, रेल्वेत तिकीट खिडकीवर आहे. ती आली नाही. "मला सकाळी माणसांसारखं बसायचंय खुर्चीत," म्हणाली. शेजाऱ्यांना ती सांगायची, आमचे साहेब जमिनीचा अभ्यास करतात, आता गाडीत बसून करतात. थट्टाच होती. पण बायको तिसऱ्या मजल्यावर आणि मी खाली, हे मला पुरतं कळत होतं आणि तरी मी वर जात नव्हतो. एका सकाळी उशी काखेत मारून गाडीतून उतरताना समोर बाई. किनाऱ्यावर फिरायला म्हणून निघाल्या होत्या आणि कुणाकडे तरी वळल्या होत्या. त्यांनी उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मान आखडेल," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

त्याच आठवड्यात तलासरीच्या एका पाड्यावर सभा होती. पाड्याचं नाव लिहीत नाही, तिथल्यांना कळेल. थंडी पडली होती. माणसं अंगणात ताडपत्रीच्या मांडवाखाली झोपत होती, पोरांना खोकले लागले होते. सुनंदा नावाची तिथली अंगणवाडी सेविका सगळ्यांच्या वतीने विचारत होती. मी नकाशा धरून बोलत होतो, बाई माझ्यानंतर बोलणार होत्या, भिंतींचं. सुनंदाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, ते नकाशाचं राहू द्या. तुम्ही रात्री झोपता कुठं?"

मी म्हणालो, "घरात. तिसऱ्या मजल्यावर."

हे मी का म्हणालो? पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो, की लोकांना धीर द्यावा म्हणून. तसं नव्हतं. अंगणभर माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी भित्रा आहे हे त्यांना कळू नये, एवढंच होतं. लोक हसले. कुणी म्हणालं, साहेब तिसऱ्या मजल्यावर घोरतो आणि आपण इथं दवात भिजतो. बायका उठल्या, गोधड्या गोळा करायला लागल्या. सभा तिथेच मोडली. बाई बोलायला पुढे झाल्या तेव्हा ऐकायला कुणी राहिलं नव्हतं. त्यांना सगळ्यांना थांबवता आलं असतं. त्यासाठी फक्त म्हणावं लागलं असतं, थांबा, हा खोटं बोलतोय. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. जीपमध्येही नाही.

सुनंदाच्या घरी पुढे विटांची खोली, मागे कूड. थंडी म्हणून ती सासूला आणि मुलीला घेऊन विटांच्या खोलीत झोपायला लागली. काही दिवसांनी धक्का बसला. फार मोठा नव्हता, मला गाडीत नुसता झोका बसला. पण त्या खोलीच्या छपराखालचा भिंतीचा भाग आत कोसळला आणि सासूच्या पायावर पडला. मुलगी हातभर अंतरावर होती. मुलीला खरचटलंही नाही. हे हातभर अंतर मला आजही झोपू देत नाही. म्हातारीचा पाय गुडघ्याखाली मोडला आणि वाकडा जुळला.

त्यानंतरच्या बैठकीत बाईंनी आरंभीच विचारलं, आज कोण? मी खाली बघत होतो. कुणी उठलं नाही. मग बाई स्वतः उभ्या राहिल्या. "मी एका सभेत जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. त्यामुळे एका घरातलं माणूस अधू झालं," म्हणाल्या. माझं नाव नाही, उल्लेख नाही. "अजून कोणी?" नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. खालून हमालांची ओरड येत होती, पेट्या ट्रकमध्ये चढत होत्या. मी बसून राहिलो. चहा आला. धनसुखभाईंनी नियम मोडून बाईंना विचारलं, त्या घरी जाऊन आलात ना? बाईंनी कप उचलला आणि म्हणाल्या, नाही अजून. त्या असं कधी करत नसत.

त्या पुढेही गेल्या नाहीत. दर बैठकीत "अजून कोणी?" म्हणून थांबायच्या, मी माझी नखं बघायचो. पाड्यावरच्या सभांना त्या तरुण सभासदांना पाठवू लागल्या. लोक म्हणाले, वय झालं. हृदय थकलंच होतं त्यांचं, तेही खरं. मी मात्र वाट बघत होतो की त्या मला एकदा झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या भेटल्या की प्रेमाने बोलायच्या, वैशालीची चौकशी करायच्या, आणि मी काहीतरी काम सांगून सटकायचो.

शेवटचा भेटलो तो नरपडला, त्यांच्या ओटीवर. आरामखुर्चीत बसल्या होत्या, पायांवर सूज. वाडीत चिकू उतरवणं चालू होतं. मला वाटलं आजारपणाचं बोलतील. म्हणाल्या, "सुहास, मला त्या सुनंदाकडे जाऊन यायचं होतं. माझं सांगायला. पण माझं सांगायचं तर तुझं सांगावं लागतं. मी गप्प का बसले, असं तिने विचारलं तर काय सांगू? आणि तुझं सांगायचा मला अधिकार नाही." मी म्हणालो, बाई, बरं वाटलं की आपण दोघं जाऊ. त्या हसल्या. "मला वाटलं होतं तू लवकर उठशील," म्हणाल्या. रागाने नाही. बसमध्ये जागा धरून ठेवलेली असते आणि माणूस येत नाही, तसं.

मी घरी आलो आणि ठरवलं, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात वालाच्या शेंगा...

शोकसभेत मी चांगलं बोललो. वाढवणचा किनारा, कोरडं बोअर, सगळं सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. आणि त्याच सभेत धनसुखभाईंनी नाव सुचवलं आणि मला मंडळाचा अध्यक्ष केलं. घरी येताना माझ्या लक्षात आलं, की आता बैठकीत "अजून कोणी?" मला विचारायचंय. मी ते विचारणार, तरुण पोरं उठून आपापल्या चुका सांगणार, आणि मी बाईंच्या जागी बसून मान हलवणार. भूकंपाची मला भीती वाटते, पण ती बाहेरून येते. ही आतून आली. हायसं वाटलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. गोष्ट ठाऊक असलेलं दुसरं कुणी नाही, म्हणजे ती आता फक्त माझ्यापाशी, आणि मी मरेपर्यंत. वैशालीला त्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शेजाऱ्यांना मी सगळं हसत सांगत होते. आणि तू तिकडे..." आणि उठून आत गेली.

बैठकीच्या आधीच्या रविवारी मी तलासरीला गेलो. एसटीने गेलो, मंडळाची जीप घ्यायला मन झालं नाही. सुनंदा अंगणात भात पाखडत होती, म्हातारी ओट्यावर, वाकडा पाय पुढे टाकून. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मी तेव्हा गाडीत झोपत होतो. तिसऱ्या मजल्यावर नाही, एक दिवससुद्धा नाही. बाईंना ते ठाऊक होतं, त्या तुम्हाला भिंतीचं सांगणार होत्या, माझी लाज राखायला गप्प बसल्या. सुनंदाचं सूप थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. "म्हणून बाई यायच्या बंद झाल्या," म्हणाली. "आम्हाला वाटलं आमच्यावर रागावल्या. आमचं काय चुकलं ते आम्ही सगळे आठवत बसलो होतो."

तिने सूप खाली ठेवलं.

मग ती म्हणाली, "हे डोकरीला सांगा. पाय तिचा आहे. तिला कमी ऐकायला येतं, मोठ्यानं सांगा." मी ओट्याजवळ गेलो, वाकलो, सांगितलं. म्हातारीने कानाला हात लावला. पुन्हा सांगितलं. पुन्हा हात. शेवटी मी ओरडून सांगितलं, आजी, मी खोटं बोललो, मी भीत होतो, मी गाडीत झोपत होतो. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. कुंपणाशी थांबून ऐकू लागली. म्हातारीला आता कळलं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला पण भ्या वाटत होता?"

"हो."

"मंग तवाच सांगाचा ना. एकजागी भ्यालो असतो."

सुनंदाने माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने चहा विचारला नाही. पाय तर तसाच राहणार, म्हणाली, आणि ते खरंच आहे. पण मी निघालो तेव्हा तिने अडवलं. आता कुठं झोपायचं ते सांगा, म्हणाली, बाई सांगणार होत्या ते. मी घरात गेलो. पुढच्या खोलीची भिंत पुन्हा बांधली होती, तशीच, गिलाव्याविना. मागचा कूड शाबूत होता, पण माळ्यावर भाताच्या गोण्या आणि जुनं जातं. कुंपणाशी उभी असलेली माणसं हात लावायला आली. ते जातं आम्ही चौघांनी मिळून खाली उतरवलं. पुढचा धक्का कधी, केवढा, असं कुणीतरी विचारलं. माहीत नाही, म्हणालो. हे शब्द त्या पाड्यावर मी पहिल्यांदा बोललो.

बैठकीत उभा राहिलो. नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. धनसुखभाई खिडकीबाहेर बघत होते. चहा आला, आणि माझ्याशेजारची खुर्ची रिकामीच राहिली. ते माझ्या वाट्याचं होतं. अध्यक्ष कोण, ते आता पुन्हा ठरायचंय. मंडळ ठरवेल.

तेराव्यानंतर मिलिंदने बाईंचा साधा, बटणांचा मोबाइल माझ्याकडे दिला होता. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंतच्या लोकांकडे मंडळाचा म्हणून हाच नंबर आहे. मी तो बंद करून खणात टाकला होता. बैठकीनंतर चालू केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. तो खिशात आहे हे मला सतत जाणवतं, छातीवर कुणी बोट टेकवल्यासारखं. परवा सकाळी घरात चहा घेताना खालून ते पिंप लोटलं गेलं. मी आणि वैशाली जिन्याने खाली पळालो, ती सोबत होती या वेळी, एका पायात चप्पल. अजून धाप टाकत होतो तेवढ्यात फोन वाजला. बाईंच्या फोनची ती जुनी कर्कश घंटी. सुनंदा होती. "हालला. तुम्हाला कळला?" म्हटलं, कळला, खाली आलोय, तुम्ही सगळे बाहेर आहात का? आहोत, म्हणाली. मग तिच्यामागे काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. "डोकरी विचारते, भ्यालात का." भ्यालो म्हणावं, मी म्हणालो. पुन्हा पुटपुटणं. "तिला ऐकू नाही गेलं," सुनंदा म्हणाली, "तुम्हीच सांगा," आणि तिने फोन म्हातारीच्या कानाला लावला. इमारतीतले सगळे अंगणात जमले होते, दूधवाला सायकल धरून उभा होता, वैशाली माझ्याकडे बघत होती.

"भ्यालो, आजी," मी ओरडलो. "फार भ्यालो."